पंडिता रमाबाई : परमुलखातील शिक्षिका

उपदेशकाचे किंवा शाळामास्तराचे काम पत्करून जो मनुष्य आपला गाव सोडून दुसऱ्या गावी राहावयास जातो, त्यास पहिले काही महिने फार जड जातात. तेथील पाणी मानवत नाही, बोलण्याची ढब निराळी असते, जेवणात ओळखीची चव लागत नाही. ज्यांस शिकवावयाचे तीच माणसे आपल्याकडे पाहून हसतात. आपणांस जे येते ते त्यांस नको असते, आणि त्यांस जे हवे असते ते आपणांस येत नाही. अशा वेळी घरी परत जावे असे मनात आले तर नवल नाही. हाच अनुभव सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्या देशातील एका विधवा बाईस सात समुद्रांपलीकडे आला. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे केडगावचे कार्य बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु इंग्लंडात त्या शिक्षिका व विद्यार्थिनी म्हणून जी तीन वर्षे राहिल्या, त्यांची हकीकत तितकीशी सांगितली जात नाही. ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण होते. तरुणपणी ते विद्या शिकण्यास पुण्यास राहिले असता आपले गुरुजी पेशव्यांच्या वाड्यात जाऊन बाजीरावांच्या पत्नीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले, आणि स्त्रीसही ही विद्या येऊ शकते हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्वजातीयांनी ह्याचा जाब विचारला तेव्हा त्यांनी शास्त्राधार काढून दाखविले, पण आपला निश्चय सोडला नाही. लक्ष्मीबाईंनी ती विद्या आपल्या धाकट्या मुलीस दिली. भल्या पहाटे आईच्या जवळ बसून रमाबाईंनी हजारो श्लोक मुखोद्गत केले. ह्याप्रमाणे पुण्यात पेरलेले एक बीज अरण्यात उगवले. त्याचे फळ पुन्हा पुण्यासच मिळावयाचे होते.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगत असे व मिळेल त्यावर गुजराण करी. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप व वडील बहीण थोड्या काळात एकामागून एक मरण पावली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवासशास्त्री व रमाबाई, पायी प्रवास करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंचा विवाह बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी झाला. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा ही मुलगी जन्मली, आणि पुढल्या वर्षाच्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेला. तेवीस वर्षांच्या वयात ही बाई एका तान्ह्या मुलीसह जगात एकटी उरली.

पुण्यात आगमन

१८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आदिकरून सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. त्यांची पुराणे व व्याख्याने ऐकण्यास लोक जमू लागले, आणि त्याच वर्षी त्यांनी स्त्रियांकरिता आर्य महिला समाज स्थापिला. सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेले हंटर कमिशन पुण्यास आले तेव्हा रमाबाईंनी त्यापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांस स्त्री शिक्षिका मिळाव्या, त्यांचे शिक्षण चांगले व्हावे, आणि ह्या देशाच्या बायकांस स्त्री डॉक्टर मिळाव्या, असा त्यांच्या साक्षीचा मथितार्थ होता.

परंतु दुसऱ्यास शिकवावयाचे तर आपल्या विद्येत काय उणे आहे हे रमाबाई जाणत होत्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते. मराठी, कानडी, हिंदी व बंगाली ह्या भाषाही येत होत्या. इंग्रजी मात्र येत नव्हती, आणि वैद्यकी शिकावयाची तर इंग्रजीवाचून गती नव्हती. पुण्यात मिस हर्फर्ड ह्या बाईंपाशी त्यांनी इंग्रजीचे धडे घेण्यास आरंभ केला. वाँटेज येथील सिस्टर लोकांचे मिशन पुण्यात होते. त्यांच्याशी व पंडित नहेम्या गोऱ्हे ह्यांच्याशीही त्यांची ओळख झाली. अखेर इंग्लंडास जाण्याचा विचार ठरला. प्रवासाचा खर्च कोणाकडे मागावयाचा नाही, असे ठरवून त्यांनी स्त्रीधर्मनीति हे आपले मराठी पुस्तक छापून विकले व त्या पैशांतून भाडे भरले. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई भगत ही मैत्रीण व लहानगी मनोरमा ह्यांस घेऊन त्या मुंबईहून आगबोटीने निघाल्या. त्या वेळी त्यांचे वय सुमारे पंचवीस वर्षांचे होते.

वाँटेज येथील दिवस

वाँटेज हे इंग्लंडातील एक लहानसे गाव. तेथे सेंट मेरी ह्या नावाच्या सिस्टरांचा समाज १८४८ साली स्थापन झाला. ह्याच समाजाच्या सिस्टरा पुण्यास पंचहौदाजवळ काम करीत असत. व्यवस्था अशी ठरली की, ज्या सिस्टरांस हिंदुस्थानात यावयाचे त्यांस रमाबाईंनी मराठी शिकवावे, आणि त्याच्या मोबदल्यात सिस्टरांनी त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करून त्यांस इंग्रजी शिकवावे. हिच्यात देणगीही नव्हती आणि पगारही नव्हता. विद्येच्या बदली विद्या असा हा सौदा होता. धर्मांतर करण्याच्या हेतूने आपण जात नाही, हेही त्यांनी निघण्यापूर्वी उघड सांगून ठेविले होते.

वाचकहो, शिक्षकाने विद्यार्थी होणे आणि विद्यार्थ्याने शिक्षक होणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. पुण्यात रमाबाई बोलू लागल्या म्हणजे मोठमोठे शास्त्री कान देऊन ऐकत. वाँटेज येथे त्यांस शाळेतील लहान पोरीप्रमाणे एकेक इंग्रजी शब्द गिरवावा लागला. त्यांच्या कानांत दोष होता. ऐकू कमी येत असल्यामुळे पुढे वैद्यकी शिकण्याची आशाही त्यांस सोडावी लागली, आणि ज्या हेतूने एवढा समुद्र ओलांडला तो हेतूच हातून गेला. पुष्कळांनी अशा वेळी नशिबास बोल लावून माघार घेतली असती. रमाबाईंनी आपला हेतू बदलला, पण काम सोडले नाही. शरीराची वैद्य होता येत नाही, तर आपल्या भगिनींच्या शिक्षणाकरिताच सर्व आयुष्य वेचावे असे त्यांनी ठरविले.

पहिल्याच वर्षी त्यांच्यावर एक भयंकर दुःख कोसळले. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत ह्यांचे मन परदेशात फार अस्वस्थ झाले. आपणांस बळजबरीने बाटवतील अशी भीती त्यांच्या मनात शिरली होती असे सांगतात. त्या भ्रमात त्यांनी एके रात्री रमाबाईंवरही हात टाकला, आणि त्यानंतर लवकरच स्वतःच्या जिवाचा अंत करून घेतला. परक्या मुलखात एकच आपले माणूस होते, तेही असे गेले. परदेशात गेलेल्या मनुष्याच्या अंतःकरणावर केवढे ओझे असते, हे ह्या गोष्टीवरून कळते. जे शेजारी वरून शांत दिसतात त्यांच्या आत काय चालले आहे ह्याची विचारपूस करणे हे प्रेमाचे काम आहे. नव्या गावी आलेल्या शिक्षकाच्या अथवा त्याच्या पत्नीच्या बाबतीत मंडळीने हे विसरू नये.

बाप्तिस्मा

त्याच वर्षी सिस्टरांनी रमाबाईंस लंडनजवळ फुलहॅम येथे आपले काम पाहण्यास पाठविले. वाईट मार्गास लागून लोकांनी टाकून दिलेल्या स्त्रियांस तेथे आश्रय मिळत असे, आणि सिस्टरा त्यांस आपल्या बहिणींप्रमाणे वागवीत. अशा बायकांस कठोर शासनच योग्य, असे रमाबाई आपल्या देशात ऐकत आल्या होत्या. येथे दया पाहून त्या थक्क झाल्या व ह्याचे कारण त्यांनी विचारले. तेव्हा प्रभू येशू व शोमरोनी बाई ह्यांची विहिरीवरील गोष्ट त्यांस वाचून दाखविण्यात आली. जो त्या बाईशी तसे बोलला तोच हिंदुस्थानच्या स्त्रियांस वर काढू शकेल, अशी त्यांची खात्री झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई व मनोरमा ह्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुण्यात ह्या बातमीने मोठी खळबळ उडाली. जे कालपर्यंत त्यांची स्तुती करीत होते तेच आता त्यांस दूषणे देऊ लागले. इकडे इंग्लंडातील स्नेह्यांस वाटले की, आता ही बाई सर्वथा आपली झाली, आणि आपण सांगू तसे वागेल. दोन्ही बाजूंची समजूत चुकीची होती. रमाबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. आपला देश, आपली भाषा व आपली विचारशक्ती त्यांनी कोणाच्या हवाली केली नव्हती.

चेल्टनहॅम येथील शाळेत

१८८४ साली रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. मिस डोरोथिया बील ह्या तेथील मुख्य होत्या. १८५८ सालापासून मरेपर्यंत, म्हणजे १९०६ पर्यंत, त्यांनी ते कॉलेज चालविले, आणि इंग्लंडातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. तेथे रमाबाई इंग्रजी वाङ्मय, गणित व शास्त्रे शिकत, आणि संस्कृत शिकवीत. एका तासास बाकावर बसावयाचे व दुसऱ्या तासास त्याच इमारतीत शिकवावयास उभे राहावयाचे, असा त्यांचा क्रम होता. मिस बील ह्यांनी त्यांस धाकटी बहीण मानून धर्मविषयक शंकाही मोकळेपणाने विचारू दिल्या. कठीण प्रश्न विचारला म्हणून त्या रागावत नसत. परमुलखात राहणाऱ्यास असा एक जरी मनुष्य भेटला तरी त्याचा निभाव लागतो.

वाँटेज येथील सिस्टर जेराल्डिन ह्या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या. त्यांचे प्रेम खरे होते, पण शिष्येने आज्ञेत राहावे अशी त्यांची अपेक्षा असे. त्यामुळे दोघींमध्ये पुष्कळ पत्रव्यवहार झाला. पुढे सिस्टर जेराल्डिन ह्यांनीच ती पत्रे जपून एकत्र केली, आणि १९७७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणून आज आपणांस ह्या लहानसहान गोष्टी कळू शकतात.

पहिली गोष्ट जेवणाची. रमाबाई मांसमच्छर खात नसत, अंडेही खात नसत. ज्या पक्वान्नात अंडे घातलेले असे तेही त्या बाजूस सारीत. सिस्टरांस वाटे की, हा जातीचा अभिमान अजून शिल्लक आहे, आणि ख्रिस्ती झालेल्या मनुष्याने तो टाकावा. रमाबाईंचे म्हणणे असे की, पूर्वजांच्या ज्या चालीरीतींत पाप नाही त्या पाळण्यास हरकत कसली? आपण हिंदी आहो व हिंदी म्हणवून घेण्यात आपणांस संतोष आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहून कळविले. पोशाखाच्या बाबतीतही त्यांनी साडी सोडून झगा घातला नाही. ह्यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. परत जाऊन ज्या बायकांत काम करावयाचे त्यांस आपण परकी दिसू नये, एवढीच त्यांची चिंता होती.

दुसरी गोष्ट क्रूसाची. त्यांस जो क्रूस दिला जावयाचा होता त्यावर लॅटिन भाषेतील शब्द होते. रमाबाईंनी विचारले की, लॅटिन भाषेत संस्कृताहून अधिक पवित्र असे काय आहे? आपल्या देशातील बाईने गळ्यातील क्रूसाकडे पाहून अर्थ विचारला तर तिला समजतील असे शब्द त्यावर का नसावेत? हा प्रश्न लहान दिसतो, पण लहान नाही. सुवार्ता ज्यांच्याकरिता आहे त्यांच्या भाषेत ती असावी, हे तत्त्व ह्या एका प्रश्नात आले. पुढे चाळीस वर्षे ह्या बाईने ह्याच तत्त्वाने काम केले.

तिसरी गोष्ट मुलीची. रमाबाई चेल्टनहॅम येथे असताना मनोरमा वाँटेज येथे सिस्टरांपाशी राहत असे. कोवळ्या वयाच्या मुलीस त्रैक्यासारखे गहन विषय घोकून घेण्यास लावू नये, तिला समजेल तेवढेच शिकवावे, असा आईचा आग्रह होता. ज्या बाईने स्वतः बालपणी हजारो श्लोक पाठ केले होते तिला पाठांतर व समज ह्यांतील अंतर कोणी सांगावयास नको होते. आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ह्या गोष्टीचा जरूर विचार करावा.

पुरुषांस शिकविण्याचा वाद

परंतु सर्वांत मोठा वाद शिकविण्याच्याच कामावरून झाला. हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या तरुण पुरुषांस रमाबाईंनी आपल्या देशाच्या भाषा शिकवाव्या, अशी एक सूचना पुढे आली. मिस बील ह्यांस ती पसंत होती. परंतु सिस्टरांनी हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांचा सल्ला घेतला, आणि तो प्रतिकूल आला. स्त्रीने पुरुषांस शिकविले असे पुढे हिंदुस्थानात समजले तर तेथील स्त्रियांत तिचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

रमाबाईंस ह्याचे फार आश्चर्य वाटले. त्यांच्या मातेने तरुण पुरुषांस विद्या शिकविली होती, व त्यास वडिलांनी कधी हरकत घेतली नव्हती. स्वतः रमाबाईंनी कलकत्त्यात व पुण्यात पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली होती, व पतीने कधी मना केले नव्हते. मग जो देश स्त्रियांस स्वातंत्र्य आहे म्हणून मिरवितो, त्या देशाने आपणांस येथे अडवावे हे त्यांस उमजेना. त्यांनी उत्तर धाडले, ते नम्र पण खंबीर होते. वडिलधाऱ्यांचा सल्ला त्या आदराने ऐकतील, पण देवाने प्रत्येकास बुद्धी व विवेक दिला आहे, आणि त्याचा निकाल दुसऱ्याच्या हाती सोपविणे हे पाप आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. गुलामगिरीतून सुटून आलेल्या मनुष्याने पुन्हा दुसऱ्या जोखडाखाली मान देऊ नये, असे त्यांचे मत होते.

ह्या वादात दोन्ही बाजूंस न्याय दिला पाहिजे. सिस्टरांनी परक्या देशातील एका निराधार विधवेस व तिच्या मुलीस घरात घेतले, खाऊपिऊ घातले, आजारात शुश्रूषा केली. त्यांस तिच्या हिताची काळजी होती. परंतु उपकार करणाऱ्यास असे वाटू लागते की, उपकृताचे मनही आपल्या मालकीचे झाले. उलट, ज्याच्यावर उपकार होतात तो एक तर लाचार होतो, किंवा रागाने उपकारच विसरतो. रमाबाई ह्या दोन्ही खड्ड्यांत पडल्या नाहीत. मतभेद झाले तरी त्यांनी पत्रव्यवहार तोडला नाही, आणि ज्यांचे अन्न खाल्ले त्यांची निंदा केली नाही. ज्या विषयात सद्सद्विवेकाने नाही म्हणावयाचे तेथे नाही म्हटले, बाकीच्या बाबतीत आभार मानले. मिशनच्या आश्रयाखाली वाढलेल्या आमच्या मंडळ्यांस ह्याहून चांगला कित्ता कोठे मिळेल?

अमेरिकेतून स्वदेशी

१८८६ च्या आरंभी फिलाडेल्फिया येथून निमंत्रण आले. आनंदीबाई जोशी ह्या तेथील स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजात शिकत होत्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांस डॉक्टरची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभास हजर राहण्याकरिता रमाबाई अमेरिकेस गेल्या. थोडे आठवडे राहण्याच्या बेताने गेलेली ही बाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिली. इंग्लंडात कष्टाने मिळविलेली इंग्रजी भाषा आता कामास आली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी गावोगावी व्याख्याने दिली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन त्यांच्या शाळेस दहा वर्षे मदत देण्याचे ठरले.

अमेरिकेतही त्यांनी विद्यार्थीपण सोडले नाही. लहान मुलांस खेळातून, वस्तू हाती देऊन शिकविण्याची जी बालोद्यान पद्धती जर्मनीतील फ्रोबेल ह्यांनी काढली होती, ती त्या फिलाडेल्फियात शिकल्या, आणि तिच्या आधारे मराठी मुलींकरिता वाचनपुस्तके तयार करण्यास लागल्या. परमुलखात पाहिलेले सर्व उचलून आणावयाचे नाही, पण आपल्या लेकरांच्या उपयोगाचे जे असेल ते आपल्या भाषेत उतरवून आणावयाचे, ही त्यांची रीत होती.

१८८९ च्या फेब्रुवारीत जपान व चीन ह्या देशांवरून त्या मुंबईस परत आल्या. ११ मार्च रोजी तेथे शारदा सदन ही विधवांची शाळा सुरू झाली. १८९० च्या नोव्हेंबरात ती पुण्यास आली. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नावाच्या बालविधवेचा विवाह १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी झाला, आणि कर्वे ह्यांनी पुढे पुण्यात स्त्रीशिक्षणाचे केवढे काम केले हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच साली सदनातील काही मुली ख्रिस्ती धर्माकडे झुकत आहेत अशी ओरड होऊन सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर प्रभृतींनी अंग काढून घेतले, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली नेल्या. ज्या पुण्याने पूर्वी जयजयकार केला त्याच पुण्यात रमाबाई पुन्हा परक्या झाल्या. परकेपण केवळ परदेशातच असते असे नाही. ज्याने ते एकदा विलायतेत सोसले होते, त्यास ते आपल्या गावीही सोसता आले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली व बायका आणल्या. पुण्यास प्लेगची साथ होती, म्हणून त्यांस केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर ठेविले. तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, विणकाम, छापखाना, दूधदुभते, शाळा अशी सर्व कामे बायकाच करीत. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी केले.

आता रमाबाई यजमान झाल्या. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया ह्या देशांतून अनेक बाया स्वखुशीने केडगावास काम करण्यास येऊ लागल्या. मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई १८९८ साली आली, आणि तिने तेथे पुष्कळ वर्षे काम केले. वाँटेज येथे जे रमाबाईंस करावे लागले तेच आता ह्या बायांस करावे लागे. भाषा नवी, ऊन कडक, जेवण साधे. आणि कारभार एका हिंदी स्त्रीच्या हाती. गोऱ्या लोकांनी हिंदी बाईच्या हाताखाली काम करावे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. जिने परक्याच्या घरी पाहुणी व शिक्षिका म्हणून दिवस काढले होते, तिलाच हा कारभार निभावता आला.

आयुष्याच्या शेवटच्या भागात त्यांनी इब्री व ग्रीक भाषांच्या आधारे पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. आधीच्या भाषांतरातील जड संस्कृत शब्द खेड्यातील बायकांस समजत नाहीत, म्हणून साधी भाषा वापरावी असा त्यांचा प्रयत्न होता. संस्कृताची एवढी पंडिता, तिने संस्कृत शब्द बाजूस ठेवावे हे विशेष नव्हे काय? लॅटिन शब्दांच्या क्रूसाविषयी तिने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तरच होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही केडगाव येथे देह ठेविला. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच छापलेले ते संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली बाहेर पडले.

ह्या चरित्रापासून घेण्यासारखे

ह्या हकीकतीतून आमच्या उपदेशकांनी व शिक्षकांनी काय घ्यावे? पहिले हे की, शिकविण्यास जाणाऱ्याने शिकण्याची तयारी ठेवावी. वाँटेज येथे रमाबाई मराठी देत व इंग्रजी घेत. जो केवळ देण्यास जातो त्याच्याकडून लोक फार काळ घेत नाहीत. मास्तरांनी गावकऱ्यांकडून त्यांच्या पिकांची, म्हणींची, सुखदुःखांची माहिती शिकून घ्यावी. म्हणजे मास्तरांचे शिकविणे त्यांस गोड लागेल.

दुसरे हे की, ज्या गोष्टींत पाप नाही त्यांत आपली रीत न सोडण्यास संकोच नको, आणि दुसऱ्याची रीत न हसण्याची समजूत हवी. रमाबाईंनी इंग्रजांच्या ताटातील अन्नास नावे ठेविली नाहीत. आपल्या ताटात ते घेतले नाही, इतकेच.

तिसरे हे की, ठरविलेले काम हातून निसटले तर देवाने दुसरे काम ठेविले आहे काय हे पाहावे. कानांच्या दोषामुळे ती बाई डॉक्टर झाली नाही. डॉक्टर झाली असती तर कदाचित काही हजार लोकांस औषध मिळाले असते, पण शारदा सदन व मुक्ती मिशन निघाले असते की नाही कोणास ठाऊक.

आणि शेवटचे, मंडळीकरिता. परगावाहून आलेला शिक्षक, बायबलबाई किंवा दाई आपल्या गावात राहत असेल, तर तिचे घर पहिल्या पावसाळ्यात गळते की काय, चुलीस सरपण आहे की नाही, दुखण्यात पाणी देण्यास कोणी आहे की नाही, हे पाहणे मंडळीचे काम आहे. सिस्टरांनी रमाबाईंस आसरा दिला व मिस बील ह्यांनी शंका ऐकून घेतल्या म्हणून ती बाई परदेशात टिकली. आनंदीबाई भगत टिकल्या नाहीत. ह्या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून आपण आपल्या दाराशी आलेल्या परक्यास वागवावे.